जून कणसाची साक्ष

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं असतील. जुन्नरच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे घंटा झाली की आपण परके. पुण्यात संस्कृत आणि भाषाशास्त्र शिकून आले होते, पण त्या शिक्षणाला तालुक्यात गिऱ्हाईक नव्हतं. भाड्याच्या खोलीत माझी बॅग वर्षभर अर्धीच उघडी राहिली. कपडे तिच्यातूनच काढायचे, धुऊन वाळले की तिच्यातच ठेवायचे. भिंतीला खुंट्या होत्या, फळी होती, तरी मी काही मांडलं नाही. संध्याकाळी तास संपले की उगाच एसटी स्टँडवर जायचं, नारायणगावकडे, मंचरकडे, पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचायच्या आणि परत यायचं. घरमालकीण एकदा म्हणाली, "तुमी कुनाची वाट बघता का?" मी नाही म्हटलं. कुणाची तरी वाट बघत असते तर निदान जिवाला एक ठिकाण असतं.

घर तसं लांब नव्हतं. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणी गावात, आमची शेती. सुट्टीला गेले की आई लग्नाचं काढायची आणि वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, उठून गोठ्याकडे जायचे. त्यांचं ते उठून जाणं माझ्या बाजूनं असायचं की आईच्या, हे मला कधी उमगलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. थोड्या दिवसांत मला तिथंही करमेनासं व्हायचं आणि मी जुन्नरची गाडी धरायचे. गाडी गावाबाहेर पडली की वाटायचं, आपण परत का चाललोय.

अशात एका जानेवारीत कॉलेजच्या ऑफिसात माझ्या पुण्याच्या सरांचा फोन आला. "वेल्समधून एक बाई आल्या आहेत. केल्टिक भाषांच्या अभ्यासक. त्यांना तुझ्या भागात सुगीच्या दिवसांत हिंडायचंय, लोकांशी बोलायचंय. दुभाषी लागेल. जाशील?" मी हो म्हणाले. पुढचं सर काय सांगत होते ते मी नीट ऐकलंसुद्धा नाही. हिंडायचंय, एवढं पुरेसं होतं.

बाई एसटीनंच आल्या. साठीच्या आसपास वय, उंच, पाठीला सॅक, एका पायानं किंचित लंगडत चालणाऱ्या. खोलीत आल्या आल्या त्यांची नजर माझ्या अर्ध्या उघड्या बॅगेवर गेली. "कुठे निघालीस का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "नाही, मी इथेच राहते," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही.

घरमालकिणीनं चहा दिला. चहा पिताना बाईंनी त्यांचं काम समजावलं. मी भाषाशास्त्र शिकलेली होते, तरी ती गोष्ट मला इतकी नीट कुणी सांगितली नव्हती.

खूप जुन्या काळी युरोपात केल्टिक लोक जी मूळ भाषा बोलत असत, ती कुणी लिहून ठेवली नाही. तिच्यापासून निघालेल्या भाषा मात्र राहिल्या. आयरिशमध्ये दाण्याला 'ग्रान' म्हणतात, बाईंच्या वेल्शमध्ये 'ग्राउन', समुद्रापलीकडच्या ब्रेटनमध्येही तसंच काहीतरी. या लेकींचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून आईचा चेहरा काढायचा, तसा अभ्यासकांनी मूळ शब्द काढला, ग्रानोम. अर्थ दाणा, धान्य. पण हा शब्द कुणी ऐकलेला नाही, दगडावर कोरलेला सापडलेला नाही. म्हणून तो लिहिताना त्याच्या आधी एक चांदणी काढतात. चांदणी म्हणजे, हा शब्द आम्ही रचलाय, जपून वापरा.

"अडचण अशी," बाई म्हणाल्या, "की लॅटिनमध्ये दाण्याला 'ग्रानुम' म्हणतात. जवळजवळ तोच आवाज. त्यामुळे काहीजण म्हणतात, हा शब्द केल्टांचा नाहीच, रोमन सैन्याबरोबर आला, उसना आहे. आवाजावरून याचा निकाल लागत नाही. मी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला."

"मग इकडे काय मिळणार?"

"तुमचा जीर्ण."

मी कप खाली ठेवला. जीर्ण आणि ग्रानोम हे मुळात एकच, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. जरा म्हणजे म्हातारपण ज्या धातूपासून आलं, त्याच धातूपासून ग्रीकांचा म्हातारा आला आणि युरोपचा दाणाही आला. पण पाठ केलेलं वेगळं आणि समोर बसलेली एक बाई त्याच्यासाठी समुद्र ओलांडून आली आहे हे वेगळं. बाईंचा प्रश्न साधा होता. जो शब्द आपल्याकडे झिजलेला, म्हातारा झालेला या अर्थानं राहिला, तो तिकडे दाणा कसा झाला? काहींचं म्हणणं, दाणा म्हणजे जो घासला, भरडला जातो तो. काहींचं म्हणणं, दाणा म्हणजे वय झालेला, पिकलेला. दुसरं खरं असेल तर शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्याचा माग कुठेतरी राहायला हवा. धान्याला वय लावणारी माणसं त्यांना ऐकायची होती. दाण्याचा हा अर्थ मूळ घरातलाच आहे असं दिसलं, तर केल्टांनी शब्द रोमनांकडून घेतला नसेल, तो घरचाच असेल या म्हणण्याला थोडं बळ येणार होतं.

मी उत्साहानं सांगितलं, "हे गाव बघा. जीर्णनगर, त्याचं जुन्नर झालं असं लोक मानतात."

"गावाला म्हातारं म्हटलंय, दाण्याला नाही," बाई म्हणाल्या. "त्यानं काही सिद्ध होत नाही."

मग मला आठवलं. "आमच्याकडे 'जून' म्हणतात. भेंडी जून झाली, काकडी जून निघाली. जीर्णाचाच नातू तो. आणि जोंधळ्याच्या कणसालाही म्हणत असावेत."

बाईंचे डोळे चमकले, पण त्यांनी हात वर केला. "हा शब्द आता तू लोकांसमोर उच्चारायचा नाही. आपण वस्तू दाखवायची, याला काय म्हणता ते विचारायचं. बोलायचं त्यांनी. आपण तोंडात शब्द घातला की साक्ष गेली."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही हिंडायला लागलो.

बोरी बुद्रुकला कुकडीकाठच्या एका मळ्यात गहू ओंबीवर आला होता. मळ्याचे मालक पन्नाशीचे, पांढरा लेंगा, डोक्याला टॉवेल. आधी त्यांना वाटलं, आम्ही बियाण्याच्या कंपनीकडून आलोय. नाही म्हटल्यावर ते आणखी गोंधळले. बाईंनी एक हिरवी ओंबी आणि एक पिवळी पडत आलेली ओंबी त्यांच्यापुढे धरली. मी विचारलं, "भाऊ, या दोन्हीत फरक काय?"

"ही कवळी हाये," ते म्हणाले.

"आणि ही?"

मी पिवळ्या ओंबीवर बोट ठेवलं.

"ही भरली. आठवड्यात तयार व्हईल."

"तयार झाली की काय म्हणाल?"

"तयार झाली म्हनू. आनखी काय म्हनायचं?"

बाईंनी लिहून घेतलं, भरली, तयार. त्या मळ्यात त्या दुपारभर बांधावर बसून राहिल्या. कुणी बोलत नव्हतं तेव्हाही बसल्या. मजूर बायका कांद्याला पाणी धरत होत्या, त्यांचं बोलणं त्या ऐकत होत्या, जणू त्यांना मराठी कळत होतं. मी उठत होते, बसत होते, विहिरीपर्यंत जाऊन येत होते. शेवटी म्हणाले, "निघूया का? पुढच्या गावाला जाऊ."

"पुढच्या गावालाही माणसंच असणार," बाई म्हणाल्या.

त्यांचं ते थांबणं मला सोसत नव्हतं. मला वाटायचं शब्द पुढच्या बांधावर आहे, पुढच्या फाट्यावर आहे आणि आपण इथे बसलोय. निघताना एका बाईनं वालाच्या शेंगा निवडता निवडता काही बाजूला टाकल्या आणि दुसरीला म्हणाली, "ह्या जून झाल्यात, गुरांना टाक." मी बाईंच्या दंडाला धरलं. त्यांनी हसून मान हलवली. "भाजी आहे. मला दाणा हवा."

मग आम्ही आंबेगावच्या पश्चिमेला गेलो, डिंभ्याच्या धरणापलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. भात कधीच निघालं होतं, खाचरं उघडी पडली होती. एका घरापुढे एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिला बाईंचं भारी अप्रूप वाटलं. तिनं विचारलं, "तुमच्याकडं भात व्हतं का? मुलं किती? शेती कोन बघतं?" बाईंनी सांगितलं, मुलं नाहीत, शेती भाऊ बघतो. "मंग तुमी भावाकडं ऱ्हात न्हाई?" नाही. तिनं आणखी विचारलं नाही, पण सूप थांबवून एकदा त्यांच्याकडे बघितलं.

तांदूळ दाखवून मी विचारलं, हा कसला. ती म्हणाली, "ह्यो नवा. त्यो कनगीत हाये त्यो जुना. नवा चिकाट व्हतो न बाधतो. आजाऱ्याला, बाळंतिणीला जुन्याचीच पेज."

जुना! पण तो वर्ष उलटलेला तांदूळ. पिकलेला नव्हे. बाईंनी तेही लिहिलं. मी त्यांना सांगितलं, जीर्णचा आणखी एक अर्थ पचलेलं असाही आहे. न पचण्याला आम्ही आजही अजीर्ण म्हणतो. नवा तांदूळ अजीर्ण करतो आणि जुना जिरतो. यावर बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्या बाईच्या हातचं सूप घेऊन स्वतः पाखडून बघितलं. निम्मे तांदूळ अंगणात गेले. कोंबड्या धावल्या. घरधनी बाहेर आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "ह्यांचा शब्द हरवलाय व्हय?"

मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "हो. फार पूर्वी."

"जनावर हरवलं तर मानूस शेजारच्या रानात बघतंय. तुमी लई लांब आलात."

"शेजारच्या रानात बघून झालं," बाई म्हणाल्या. तो हसला आणि त्यानं आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतलं.

शेवटी राहिलं लोणी, माझं गाव. तिथे मला बाईंना न्यायचं नव्हतं. कारण सांगता येईना. बाईंना ज्वारीचा भाग बघायचा होता, आणि ज्वारीचा भाग म्हणजे माझंच घर. मंचरला आम्ही गाडी बदलली. वाटेत मी बाईंना सांगून ठेवलं, "आई माझ्या लग्नाचं काढेल. तुम्ही लक्ष देऊ नका."

"मला मराठी येत नाही," बाई म्हणाल्या. "सोपं आहे."

आईनं बाईंची ओटी भरली, त्यांना खुर्ची दिली, त्या खाली बसल्या तर आईला अपमान वाटला. स्वयंपाकघरात तिनं मला विचारलं, "ही बाई नक्की काय शोधती?" पाहुणी कशाला आलीय हे घरात सांगावंच लागतं. मी सांगितलं, बाईंना धान्याचे जुने शब्द हवेत, म्हणजे दाणा पिकला की काय म्हणतात, जून म्हणतात का, असं. आई म्हणाली, "एवढंच?" आणि भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी रानात आगटी केली. हुरडा निम्म्या रानात संपला होता, पण बांधाकडेची ज्वारी उशिरा पेरलेली असल्यामुळे अजून कोवळी होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसून दादा तळहातावर चोळत होते, फुंकर मारून हिरवे गरम दाणे बाईंच्या हातावर ठेवत होते. बाई खात होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या. दादाही फारसं बोलणारे नव्हते. दोघांचं पटलं.

खाऊन झाल्यावर बाईंनी उभ्या ज्वारीकडे बोट दाखवलं. मी दादांना म्हणाले, "हिची सुरवातीपासनं सगळी नावं सांगा. कशी कशी होत जाते."

दादांनी हात झटकले. "आदी पोटरीत असती. मंग निसवती, कनीस भाईर येतं. मंग दान्यात दूध भरतं. मंग चीक व्हतो. मंग हुरडा." प्रत्येक शब्दाला ते बाईंकडे बघायचे, बाई लिहायच्या, मग ते पुढे जायचे. मग त्यांनी वरच्या पट्ट्यातलं एक वाळत आलेलं कणीस मोडून आणलं, एक दाणा नखानं दाबून बघितला. नख रुतलं नाही. "आन ह्यो..."

ते शब्द शोधत होते. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"जून!" मागून आई म्हणाली. ती चटणी आणि गुळाची वाटी घेऊन बांधावरून येत होती. "जून झालाय म्हनून सांगा की त्यांना. त्योच शब्द पायजे त्यांना. पोरगी कालच म्हनली."

आगटीत एक गोवरी खचली.

बाईंना शब्द कळला होता. त्यांनी पेन बंद केलं. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "त्यांना विचार, ते काय म्हणणार होते?"

मी विचारलं. दादांनी हातातलं कणीस फिरवून बघितलं. मग म्हणाले, "आता काय सांगू. आता जूनच तोंडात आलं." आणि आईकडे वळून, "मला बोलू दिलं आसतं तर?"

"मी काय वाईट सांगितलं?" आईला खरंच कळेना. "पावण्यांना पायजे ते दिलं."

मी उठून चालायला लागले. बांध ओलांडून पार ओढ्यापर्यंत गेले. राग आईचा नव्हता. मला वाटत होतं, या एका वाक्यासाठी आपण तालुके पालथे घातले आणि ते आपल्याच घरात नासलं. जिथून उठून जायचं म्हणून मी आयुष्यभर धडपडत होते, तिथेच यायचं होतं, तिथेच ते मिळणार होतं, आणि तिथेच गेलं. परत आले तर बाई आईशेजारी बसून गुळाबरोबर हुरडा खात होत्या आणि आई त्यांना मराठीत काहीतरी मोठमोठ्यानं सांगत होती.

गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. संध्याकाळपर्यंत शेजारपाजारात बातमी गेली की परदेशी बाईला 'जून' पाहिजे. जो तो काहीतरी हातात घेऊन आला. "मॅडम, ही बाजरी, जून." "मॅडम, हरबरा बगा, लई जून." एकानं तर त्याच्या बैलालाच जून म्हटलं. बाई प्रत्येकाचं ऐकत होत्या, हात जोडत होत्या. सगळे गेल्यावर त्या ओसरीवर बसून हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझ्या सगळ्या नोकरीत इतकी साक्षीदार माणसं मला मिळाली नव्हती," त्या म्हणाल्या. "आणि एकही कामाचं नाही."

आम्ही परत निघालो. मंचरहून पुण्याची गाडी मिळाली. मी त्यांना सोडायला पुण्यापर्यंत जाणार होते. गाडी पेठजवळ बंद पडली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, कंडक्टर म्हणाला, मागून दुसरी गाडी येईल. लोक उतरून रस्त्याकडेला पांगले. पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रक धडाडत होते. मी रस्त्यावर जाऊन बघायचे, मागून गाडी येते का, परत यायचे, पुन्हा जायचे.

"ये, बैस," बाई म्हणाल्या. त्या एका बाभळीखाली दगडावर बसल्या होत्या. मी उभीच राहिले. त्यांनी विचारलं, "तू कशापासून पळतेस?"

"कशापासूनच नाही. मला फक्त बसवत नाही."

"माझंही तसंच होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी, रस्त्याकडे बघत, त्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांची लहानशी शेती होती, डोंगरउतारावर, मेंढ्या आणि थोडं जव. बाई शिकायला म्हणून तरुणपणी बाहेर पडल्या, सुगीला येईन म्हणाल्या. एका वर्षी वडील आजारी होते, भावानं निरोप धाडला, कापणीला ये. त्या वेळी त्या एका बेटावर म्हाताऱ्या माणसांचे शब्द जमवत होत्या. एक शेवटची बाई तिथली जुनी बोली बोलत होती. त्या गेल्या नाहीत. जव पावसात पडून राहिलं. वडील त्या हिवाळ्यात गेले. भाऊ त्यानंतर त्यांच्याशी बोलत नाही. "तो म्हणतो, मी दाण्यावर पुस्तक लिहिते आणि दाणा कुजू दिला."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"पुढच्या वर्षी मला मदतनीस लागेल," त्या म्हणाल्या. "वर्षभरासाठी. वेल्समध्ये. संस्कृत येणारी हवी. तू ये. पण पळून येऊ नकोस. येणार असशील तर सांगून ये."

मी उत्तर द्यायच्या आत शेजारी गडबड झाली. आमच्या गाडीतलीच एक प्रवासी बाई, कडेवर मूल, मक्याची कणसं भाजणाऱ्या हातगाडीवाल्यापुढे उभी होती. त्यानं एक कणीस निखाऱ्यावर ठेवलं. तिनं ते उचललं, सोलून उरलेल्या पाल्याखालून दाण्यावर नख दाबलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"भाऊ, ह्ये जून हाये. दाना बगा. पोराला चावायचं न्हाई. कवळं बगून द्या."

"जून न्हाई वो ताई, भरलेलं हाये."

"मला कळत न्हाई का? दाना जून झालाय."

मी बाईंकडे बघितलं. त्या आधीच उठल्या होत्या. लंगडत त्या हातगाडीपाशी गेल्या, ते नाकारलेलं कणीस त्यांनी विकत घेतलं आणि तिथेच उभ्या राहून दाणा दाबून बघितला. नख रुतलं नाही. प्रवासी बाईनं त्यांना हातानं खुणावलं, घेऊ नका, हे चांगलं नाही. बाई हसल्या. आम्ही तिला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुसरी गाडी आली तेव्हा ती जागा धरायला धावली आणि आम्ही दोघी मागून चढलो. बाईंनी ते कडक कणीस सगळं खाल्लं. पुणं येईपर्यंत चावत होत्या.

"एक साक्ष," त्या म्हणाल्या. "तीही मक्याची, जो अमेरिकेतून आला, तुमचाही नाही आणि आमचाही नाही. पण दाणा आहे, आणि तिनं त्याला वय लावलं."

मी लोणीला गेले ते महिन्याभरानं, सांगायला. ज्वारीची काढणी चालू होती. दादा धाटं मुळासकट उपटून पेंढ्या लावत होते. मीही शेजारच्या ओळीला लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दादा, बाईंनी बोलावलंय. वर्षभर."

ते उपटत राहिले. "तिथं ज्वारी व्हती का?"

"न्हाई. जव असतं. थंडी लई."

"आईला काय सांगनार?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी पाठ सरळ केली. "मी न्हाई सांगनार. मी उठून जातो ते तुज्यासाटी जातो, तुजी आई बोलली की मला तुजी बाजू घेता येत न्हाई म्हनून जातो. ह्ये तुजं तू सांग."

इतकं सलग बोललेलं मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. मी आईला सांगितलं. ती रडली, चिडली, तिनं मावशीला बोलावून घेतलं, आणि मग दळण आणून माझ्यासाठी भाजणी करायला बसली.

वेल्समधलं वर्ष मला वाटलं तसं गेलं नाही. पाऊस, लायब्ररी, कार्डांचे खोके. तिथेही मी बसस्टॉपवर जाऊन पाट्या वाचायला लागले. ऑगस्टमध्ये मी बाईंना न विचारता त्यांच्या भावाच्या शेतावर गेले. भाऊ जव बघत उभा होता, जाडजूड, लाल चेहऱ्याचा. मी शिकलेल्या मोडक्या वेल्शमध्ये विचारलं, याला आता काय म्हणता? तो म्हणाला, "बारोड." म्हणजे तयार. बोरीच्या मळेकऱ्यानं म्हटलं तेच. मग त्यानं विचारलं, तुला कुणी पाठवलं? मी खरं सांगितलं, कुणी नाही, मी तुमच्या बहिणीकडे काम करते. त्यानं जवाची एक ओंबी तोडून तळहातावर चोळली. म्हणाला, "शनिवारी कापणी आहे. तिला हवं तर येऊ दे."

मी निरोप सांगितला, आणि शनिवारी बाई कापणीला गेल्या. मी नव्हते बरोबर. त्यांनी मला नेलं नाही. परत आल्या तेव्हा हातांना ओरखडे होते.

मी परत आले, पुण्यात नोकरी लागली, ती सोडली, दुसरी धरली. बाईंचं पुस्तक पुढच्या दशकात आलं. ग्रानोमला त्यांनी चांदणी ठेवली. शब्द घरचा की उसना, याचा निकाल दिला नाही. दाणा म्हणजे वय झालेला, असं त्यांना वाटतं एवढंच लिहिलं, आणि खाली एका ओळीत पेठच्या रस्त्यावर ऐकलेल्या एका वाक्याचा उल्लेख. मी त्यांना फोन केला. तोवर बाई भावाच्या शेतावर राहायला गेल्या होत्या. भावाला पक्षाघात झाला होता. मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? शब्द तुमचाच ना?"

मागे कुठल्यातरी यंत्राची घरघर चालू होती. "मला वाटतं आमचाच," त्या ओरडून म्हणाल्या. "पण वाटण्याचं पुस्तकात काय काम." मग भाऊ पलीकडून काहीतरी बोलला, अडखळत, वेल्शमध्ये. मला त्यातला 'पाऊस' एवढा शब्द कळला. "ठेवते आता," बाई म्हणाल्या. "ढग आलेत, अजून निम्मं जव उभं आहे." त्यांनी फोन ठेवला, पण नीट बसला नसावा, कारण घरघर मला आणखी काही वेळ ऐकू येत होती.